करंट गेला म्हणजे नक्की काय गेलं? (विजेतलं ओ की ठो कळत नाही, सांभाळून घ्या)

खासबागकरीण | सोमवार, रात्री १०:१२
नमस्कार मंडळी. प्रश्न येडचाप वाटेल पण विचारतेच. काल संध्याकाळी नेहमीसारखा करंट गेला, चारही माग एकदम गप्प. ज्यांच्या घरात माग आहेत त्यांनाच कळेल, खटखट थांबली की कान उलटे वाजायला लागतात. तर लेक माझा, सातवीत आहे, तो म्हणाला मम्मी करंट गेला म्हणजे कुठं गेला? वायर तर इथंच आहे की. मी म्हटलं गप अभ्यास कर. पण रात्री अंथरुणात डोक्यात तेच. लग्न होऊन एकोणीस वर्षं मोटारींच्या आवाजात काढली, फ्यूजची तार मीच बदलते, पण व्होल्ट म्हणजे काय, अँपिअर म्हणजे काय विचारलं तर त त प प.
दुसरं म्हणजे पावसाळा लागला की आमच्या शेवटच्या मागाच्या लोखंडाला हात लागला की मुंग्या येतात. मिस्टर म्हणतात चप्पल घालून काम कर. वायरमननं पण तेच सांगितलं. हे बरोबर काय?

निपाणीचा_गडी | सोमवार, रात्री १०:२०
करंट बिडी ओढायला जातोय आक्का, अर्ध्या तासात येतोय परत.

पंचगंगेकाठचा | सोमवार, रात्री १०:३१
आमच्या कोल्हापुरात लाईट जाते, तुमच्या बेळगावात करंट जातो. बरोबर कोण?

उद्यमबाग_रिटायर | सोमवार, रात्री ११:०५
दोघं पण चूक. ते सांगतोच, पण आक्का आधी तुमचं दुसरं. तो शेवटचा माग उद्या चालवू नका. चप्पल हा इलाज नव्हे. मुंग्या येतात म्हणजे मोटरमधली वीज लोखंडात उतरली आहे आणि तुमच्या अंगातून जमिनीत जाते आहे, आज थोडी जाते म्हणून मुंग्या, ज्या दिवशी जास्त जाईल त्या दिवशी सांगायला कोण राहणार नाही. मेन बंद करून त्या मोटरची वायर सोडवून ठेवा आणि दुसरा वायरमन बघा. मी फौंड्रीत चौतीस वर्षं मेंटेनन्सला होतो, मुंग्यांवरून सुरू झालेले दोन प्रकार डोळ्यानं बघितलेत.
आता लेकाचा प्रश्न. झोप येईना म्हणून लिहितोय, लांबलं तर लांबलं.
गच्चीवर पाण्याची टाकी आहे ना? खाली मोरीत तोटी बंद आहे. पाणी वाहत नाही. पण तोटीच्या मागं दाब आहे का नाही? आहे. तोटी उघडली की लगेच पाणी पडतं ते त्या दाबानं. तर तो दाब म्हणजे व्होल्टेज. आणि वाहणारं पाणी म्हणजे करंट. बटण बंद असलं की बल्बमधून करंट नाही, शून्य. पण बोर्डाच्या आत दाब टिच्चून उभा आहे, २३० व्होल्ट. स्क्रू ड्रायव्हर घालून बघणाऱ्याला तो भेटतो.
तुम्ही म्हणता करंट गेला तेव्हा काय होतं? टाकीच रिकामी झाली. दाब गेला. दाब गेला म्हणून करंट पण थांबला. म्हणजे बोलायचंच तर 'व्होल्टेज गेलं' म्हणायला पाहिजे. आता तुम्ही म्हणाल काय फरक पडतो काका, शब्दाचा कीस कशाला. फरक पडतो. बल्ब बंद आहे म्हणजे करंट नाही, करंट नाही म्हणजे भ्यायचं कारण नाही असं समजून माणूस हात घालतो. करंट नसतोच तिथं, बरोबर आहे त्याचं, त्याचा हात लागल्यावर सुरू होतो. होल्डर बदलताना मरतात ते या एका गैरसमजानं. त्यात वायरमननं बटण फेजवर (वीज आणणारी तार) न घालता न्यूट्रलवर (परत नेणारी तार) घातलं असेल तर बघायलाच नको, बटण बंद करून पण होल्डरमध्ये फेज जिवंत.

खासबागकरीण | मंगळवार, सकाळी ६:५०
काका वाचलं. माग बंद ठेवला. मिस्टर कुरकुर करूलेत, ऑर्डर आहे. पण टाकीचं पाणी मोरीतून गटारात जातं, वीज कुठं जाते? लेकाचाच प्रश्न, माझा नव्हे.

उद्यमबाग_रिटायर | मंगळवार, सकाळी ९:१५
इथंच पाण्याचा दाखला लंगडा पडतो. वीज सांडत नाही. तिला परत जायला रस्ता लागतो, जिथनं निघाली तिथंच, म्हणजे तुमच्या गल्लीच्या टीसीवर. (कोल्हापूरवाल्यांसाठी: टीसी म्हणजे तुमची डीपी, गल्लीतला ट्रान्सफॉर्मर. रेल्वेतला नव्हे.) फेजनं यायचं, बल्बमधून जायचं, न्यूट्रलनं परत. फेरा पुरा नसेल तर काही वाहत नाही. तारेवर कावळा बसतो, दोन्ही पाय एकाच तारेवर, त्याच्यातून परतीचा रस्ताच नाही म्हणून निवांत. त्यानंच पंख पसरून दुसरी तार गाठली की खाली पडला.
आता नीट बघा. टीसीवर न्यूट्रल जमिनीत पुरलेला असतो. म्हणजे जमीन पण एक परतीचा रस्ताच झाली. तुम्ही फेजला हात लावला, पाय ओल्या फरशीवर, झाला फेरा पुरा. फेज, हात, छाती, पाय, जमीन, टीसी.
म्हणून फेज शॉक देतो आणि न्यूट्रल बहुतेक वेळा देत नाही. दोन्हीतून करंट सारखाच वाहतो बरं का, न्यूट्रलमध्ये कमी असतो हा पण एक गैरसमज. दाब मात्र न्यूट्रलवर जवळपास शून्य, कारण तो जमिनीलाच बांधलाय. 'बहुतेक वेळा' म्हटलंय ते लक्षात ठेवा.

खानापूर_मास्तर | मंगळवार, दुपारी १:४०
काकांनी छान सांगितलंय, थोडी पुस्तकी भर घालतो, सवय जात नाही.
वाहतं काय तर तारेतले इलेक्ट्रॉन. मुलं नेहमी विचारतात की बटण दाबल्या दाबल्या बल्ब कसा लागतो, इलेक्ट्रॉन इतके पळतात का? नाही. ते सेकंदाला एखादा मिलिमीटर सुद्धा सरकत नाहीत, गोगलगाय पुढं जाईल. पण तार आधीच इलेक्ट्रॉननं गच्च भरलेली असते, भरलेल्या पाइपासारखी. या टोकाला ढकललं की त्या टोकाला लगेच हालचाल. आणि घरातली वीज एसी, म्हणजे सेकंदाला ५० फेऱ्या पुढंमागं. तेव्हा तुमच्या मिक्सरमधला इलेक्ट्रॉन काही टीसीवरून आलेला नाही, तो तिथल्या तिथंच कवायत करतोय.
दुसरं ते ओहमचं. दाब भागिले अडथळा बरोबर करंट. व्होल्ट भागिले ओहम बरोबर अँपिअर. जेऑर्ग ओहम हा पण शाळामास्तर, जर्मनीतला, १८२७ साली त्यानं हे छापलं तर तिथल्या विद्वानांनी नाकं मुरडली. पुढं १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीनं पदक दिलं तेव्हा कुठं किंमत झाली. आमच्या पगारवाढीसारखंच.

आयटीआय_पहिलं_वर्ष | मंगळवार, दुपारी ३:२२
सर मग माझं काय चुकूलंय बघा. १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब. वॅट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर, म्हणजे १०० भागिले २३०, पॉइंट त्रेचाळीस अँपिअर. त्यावरून ओहम काढले तर ५२९ आले. मग मल्टिमीटर लावून खरोखर मोजलं तर ४० च्या आसपास. मीटर नवा आहे, दोनदा मोजलं. ओहमचा नियम चुकला काय मीटर?

खानापूर_मास्तर | मंगळवार, दुपारी ४:०५
दोन्ही बरोबर. तू थंड बल्ब मोजलास. पेटल्यावर त्याची तार दोन हजार अंशाच्या वर तापते आणि तापलेल्या धातूत अडथळा वाढतो, दहा-बारा पट सहज. म्हणून तर असले बल्ब जळायचे ते बहुतेक बटण दाबल्या क्षणीच, थंड तारेतून पहिल्या झटक्याला भसकन करंट जायचा. 'टिंग' असा आवाज आठवतोय का कुणाला? तू स्वतः मोजलंस हे आवडलं. वर्गात आकडा जुळला नाही की पोरं आकडाच खोडतात.

निपाणीचा_गडी | मंगळवार, दुपारी ४:१८
मास्तर तो टिंग आवाज आला की आमच्या घरी पहिली शंका माझ्यावर यायची.

गोकाक_रोड | मंगळवार, सायंकाळी ७:३०
विजेचा विषय निघाला आणि आमच्या गोकाकचं नाव नाही? धबधब्यावर मिल १८८७ पासून. अख्ख्या आशियात वीज आधी आमच्यात, असं म्हणतात!

उद्यमबाग_रिटायर | मंगळवार, रात्री ९:४८
पहिला का दुसरा त्या भांडणात मी पडत नाही. पण धबधबा चांगला आठवण करून दिलास, टाकीपेक्षा हा दाखला भारी आहे.
गोकाकला घटप्रभा ५२ मीटर खाली पडते. ही उंची म्हणजे व्होल्टेज. आणि किती पाणी पडतंय तो करंट. जुलैत जाऊन बघा, लाल गढूळ पाणी अख्ख्या कड्यावरून, झुलत्या पुलावर उभं राहिलं तर तोंडावर तुषार, बोललेलं ऐकू येत नाही. एप्रिलमध्ये जावा. कडा तोच, ५२ मीटर जशीच्या तशी, आणि खाली पोरं खडकावर क्रिकेट खेळतात. व्होल्टेज आहे, करंट नाही.
चक्की फिरवायची ताकद कशात आहे? नुसत्या उंचीत नाही, नुसत्या पाण्यात नाही. उंची गुणिले पाणी. तेच वॅट. व्होल्ट गुणिले अँपिअर. तेवढीच ताकद कमी उंचीवरून काढायची तर पाणी जास्त लागणार, हे डोक्यात ठेवा, पुढं कामाला येईल.
आणि हे वॅट किती वेळ चालले त्याचा हिशोब म्हणजे युनिट. १००० वॅट एक तास, एक युनिट. तुमचा आंघोळीचा रॉड १५०० वॅटचा, चाळीस मिनिटात एक युनिट खातो. नऊ वॅटचा एलईडी तेवढ्यात एकशे अकरा तास जळतो. गृहज्योतीचे (कर्नाटक सरकारची फुकट विजेची योजना) २०० युनिट महिन्याला कुठं संपले म्हणून जे विचारतात त्यांनी बल्बाकडं बघू नये, बादलीकडं बघावं.

चिकोडी_ऊस | बुधवार, सकाळी ७:०५
काका मग आमचं सांगा. पाच एचपीची मोटर, विहिरीवर. दोन वर्षात तीनदा रिवायंडिंग (जळालेली तार काढून आत नवी गुंडाळायची). रिवायंडिंगवाला म्हणतो व्होल्टेज कमी आहे म्हणून जळते. आता मला सांगा दाब कमी तर करंट कमी, मास्तरांनीच सांगितलं वर. करंट कमी तर मोटर थंड राहायला पाहिजे की. जळते कशी? आम्हाला येडं करूलाय काय तो?

आयटीआय_पहिलं_वर्ष | बुधवार, सकाळी ७:४०
हाच प्रश्न मला पण.

उद्यमबाग_रिटायर | बुधवार, सकाळी १०:३०
प्रश्न विचारलास ते बरं केलंस. येडं करत नाही तो.
रॉड, इस्त्री, पिवळा बल्ब यांना दाब कमी मिळाला की ते गरिबासारखे कमीत भागवतात. २३० च्या जागी १८० आले तर १५०० वॅटचा रॉड ९२० वॅटचा होतो, पाणी उशिरा तापतं, विषय संपला. मोटर तशी नाही. मोटरवर पाण्याचा बोजा आहे, तिला तेवढंच पाणी तेवढ्याच उंचीवर चढवायचं आहे. काम तेवढंच, दाब कमी. मग काय करणार, करंट जास्त ओढणार. उंची गुणिले पाणी आठव. थ्री फेजच्या (फेजच्या तीन तारा, कुठल्याही दोनांच्या मधे) ४१५ व्होल्टला तुझी मोटर आठ अँपिअरच्या आसपास घेत असेल तर ३३० ला दहा घेईल. वरून बघायला दोनच अँपिअर वाढले. पण तारेतली गर्मी करंटच्या वर्गानं वाढते, सव्वापट करंट म्हणजे दीडपटीच्या वर गर्मी. वार्निश करपतं, मग तारेला तार चिकटते, मग तो वास. तो वास ज्यानं घेतलाय त्याला सांगायला नको.
मोटर ओहमचा नियम मोडते असं नव्हे, ती आत फिरता फिरता स्वतःच उलटा दाब तयार करते, वेग कमी झाला की तो उलटा दाब कमी होतो आणि करंट घुसतो. ते आयटीआयवाल्यासाठी. तुला एवढं पुरे: बोर्डावर व्होल्टमीटर बसव, साडेतीनशेच्या खाली असेल तर मोटर चालू करू नको, पाणी एक दिवस उशिरा मिळालं तर ऊस मरत नाही.
मोटरपर्यंत केबल किती लांब आणि किती जाड आहे?

चिकोडी_ऊस | बुधवार, सकाळी १०:५२
तीनशे मीटर असेल. अडीच स्क्वेअरची (चौरस मिलिमीटर), तांब्याची. चांगली कंपनी आहे.

उद्यमबाग_रिटायर | बुधवार, सकाळी ११:२०
कंपनी चांगलीच असणार, केबल बारीक आहे. अडीच स्क्वेअर तांब्याला किलोमीटरला साडेसात ओहमच्या जवळ अडथळा, तीनशे मीटरला सव्वादोन. आठ अँपिअरला थ्री फेजमध्ये तीस व्होल्ट तू रस्त्यातच खाल्लेस. बांधावरून पाटानं पाणी न्यायचं आणि निम्मं पाटानंच प्यायचं तसलं. चालू होताना तर मोटर पाच-सहा पट करंट मागते, तेव्हा तिच्यापर्यंत काय पोचत असेल विचार कर. सहा स्क्वेअर टाक. एका रिवायंडिंगला किती घालवलेस ते जोड आणि मग केबलचा भाव काढ.
अजून एक. तीनातला एक फेज मध्येच गेला तर चालू मोटर थांबत नाही, दोनवर ओढत राहते, करंट पावणेदोन पट. बंद असेल तर नुसती घूंऽऽ करते, फिरत नाही. सिंगल फेज प्रिव्हेंटर म्हणून डबी मिळते, ती आहे का स्टार्टरमध्ये? का 'सारखी पाडते' म्हणून बायपास केलीस?

चिकोडी_ऊस | बुधवार, सकाळी ११:२४
...

चिकोडी_ऊस | बुधवार, सकाळी ११:२५
बायपास केलीय.

पंचगंगेकाठचा | बुधवार, दुपारी १२:१०
हसून हसून मेलो. पण खरं सांगतो आमच्यात पण तेच.
काका, मग सरळ २३० नंच पॉवरहाऊसपासून का नाही आणत? त्या अकरा हजाराच्या तारा शेतातून कशाला फिरवतात, बघूनच भ्या वाटतं.

खानापूर_मास्तर | बुधवार, दुपारी २:३०
हे मी घेतो. वरचाच हिशोब. दहा किलोवॅट पाठवायचे तर २३० व्होल्टला ४३ अँपिअर लागतात, ११,००० ला एक पण लागत नाही. गर्मी करंटच्या वर्गानं, म्हणजे त्याच तारेत नुकसान दोन हजार पटीनं कमी. म्हणून दाब चढवून पाठवायचा आणि गल्लीत टीसीवर उतरवायचा. हे चढव-उतार ट्रान्सफॉर्मरला एसीवरच जमतं, म्हणून घरात एसी. आपल्याच कर्नाटकात १९०२ साली शिवनसमुद्रहून कोलारच्या सोन्याच्या खाणीला वीज नेली, दीडशे किलोमीटरच्या आसपास, तेव्हा त्यांनी दाब ३५,००० व्होल्टच्या घरात चढवला होता. २३० नं पाठवली असती तर खाणीत काजवा पण पेटला नसता.

वडगाव_वहिनी | बुधवार, दुपारी ४:४५
माझं छोटंसं. गणपतीत आमच्या गल्लीत अचानक पंखा विमानासारखा फिरायला लागला, ट्यूब पांढरीफटक, मग टीव्ही, फ्रिज, सेट टॉप बॉक्स सगळं फट फट. समोरच्या घरात उलट, बल्ब मिणमिणता. वीज एकाच खांबावरून दोघांना. असं कसं?

उद्यमबाग_रिटायर | बुधवार, सायंकाळी ६:२०
न्यूट्रल तुटला किंवा ढिला झाला खांबावर. मी वर 'बहुतेक वेळा' म्हणालो होतो ना, ते हेच. तुम्हाला एक फेज, समोरच्यांना दुसरा, दोघांची परतीची वाट एकच न्यूट्रल. ती तुटली की तुमचं घर आणि समोरचं घर माळेतल्या दोन बल्बासारखं एकापुढं एक लागलं, दोन फेजच्या मधे, ४०० व्होल्टच्या वर. ज्या घरात कमी वस्तू चालू तिथं जास्त दाब, ज्या घरात गिझर-बिझर चालू तिथं कमी. तुमच्यात त्या वेळी एक पंखा न् टीव्ही असणार, समोर मोदकांसाठी हीटर लावलेला असणार. अशा वेळी विचार नको, पहिली मेन पाडायची.

वडगाव_वहिनी | बुधवार, सायंकाळी ६:३१
अगदी तसंच होतं काका! समोर हीटर होता. गणपती मंडपाला आकडा टाकताना कुणीतरी ओढलं म्हणतात पण ते जाऊ दे, मंडळात दीर आहेत.

खासबागकरीण | शुक्रवार, रात्री ९:३०
उशीर झाला, माफ करा. दुसरा वायरमन परवा आला. म्हातारा आहे, शहापूरचा. त्यानं शेवटच्या मागाच्या मोटरचं झाकण उघडलं, मी बॅटरी धरून शेजारीच उभी. आत हिरवी वायर होती, पण बोटभर लांबीवर कापून मागं दुमडून काळी टेप गुंडाळलेली. आणि मोटरच्या बॉडीच्या स्क्रूला काळ्या वायरचा एक तुकडा बांधलेला, तो न्यूट्रलला गेलेला. मी विचारलं हे काय, तर म्हणाला हे कुणी केलं त्याला माझ्यासमोर उभं करा. मी काही बोलले नाही. झाकणाच्या कडेला कापसाची तूस साठून ओलसर गोळा झाला होता, बोटानं काढला तर ओला.
काका न्यूट्रल बॉडीला बांधला तर वाईट काय? तुम्हीच म्हणालात न्यूट्रल जमिनीलाच बांधलाय म्हणून. मग अर्थिंगच झालं की ते?

उद्यमबाग_रिटायर | शुक्रवार, रात्री १०:१५
बरोबर तुमच्या पहिल्या वायरमनचं डोकं पण असंच चाललं असणार. न्यूट्रल शाबूत आहे तोवर चालतंय. वडगावच्या वहिनींसारखा न्यूट्रल तुटला की? तो काळा तुकडा बल्ब-पंख्यातून आलेला फेज सरळ तुमच्या मागाच्या लोखंडावर आणून ठेवणार. मोटर बंद असली तरी. म्हणून न्यूट्रल तो न्यूट्रल, अर्थ तो अर्थ, घरात दोघांची गाठ घालायची नाही.
मुंग्या येत होत्या त्यावरून तो तुकडा पण आत ढिला असणार.
आता अर्थिंगचं काम काय ते ऐका. लोखंडाला हिरवी वायर, वायर जमिनीत. मोटरमधला फेज लोखंडाला चिकटला तर तो तुमच्या अंगापेक्षा या सोप्या रस्त्यानं पळतो, भरपूर करंट वाहतो आणि एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारं बटण) पडतो. पण हे अर्थिंगचा खड्डा चांगला असेल तर. अर्थिंगचा अडथळा वीस ओहम असेल तर २३० भागिले वीस, साडेअकरा अँपिअर. १६ चा एमसीबी पडणारच नाही! लोखंड जिवंत राहणार आणि सगळं चालू आहे म्हणून तुम्ही खूश. तुमच्याकडची काळी माती बरी, ओल धरते. खानापूरकडं जांभा खडक, तिथं खड्डा करून कोळसा-मीठ घातलं तरी उन्हाळ्यात आकडा चढतो.
आणि हे सगळ्यांनीच लिहून ठेवा. एमसीबी वायर वाचवतो, माणूस नाही. ओल्या अंगाचा अडथळा हजार ओहम धरला तर शॉक लागताना पाव अँपिअर सुद्धा जात नाही. १६ अँपिअरच्या एमसीबीला ते मुंगी चावल्यासारखं, तो जागचा हलणार नाही. माणसाला पाव अँपिअर म्हणजे खेळ खलास, त्याच्या आठव्या भागात पण हात सुटत नाही. माणसासाठी आरसीसीबी. गेलेला करंट आणि परत आलेला करंट तो सारखा मोजत बसतो, ३० मिलिअँपिअरचा फरक पडला म्हणजे कुठून तरी कुणाच्या तरी अंगातून जमिनीत चालला, पाड. तुमचे माग थ्री फेज, तुम्हाला चार पोलचा लागेल.

आयटीआय_पहिलं_वर्ष | शुक्रवार, रात्री १०:४०
म्हणजे टेस्टर हातात धरून बघतो तेव्हा पण आपल्यातून जातोच की करंट?

खानापूर_मास्तर | शुक्रवार, रात्री १०:५५
जातो. टेस्टरच्या आत लाखो ओहमचा रेझिस्टर असतो म्हणून कळत नाही इतका कमी जातो. रस्त्यावरचा वीस रुपयाचा टेस्टर घेताना त्या रेझिस्टरवर तुझा जीव आहे हे लक्षात ठेव आणि आधी चालू बोर्डावर तपासून मगच 'फेज नाही' म्हण.

खासबागकरीण | सोमवार, रात्री ८:४०
अपडेट. चारी मागांना हिरवी वायर नवीन ओढली, मागच्या दारी नवीन खड्डा मारला, आरसीसीबी बसवला. बसवला आणि चालू केला की पडला. परत चढवला, परत पडला. मिस्टर लगेच, बघ तुझ्या फोरमवाल्यांचं, डबीच खराब आहे, काढून टाक. म्हाताऱ्यानं काही न बोलता एकेक मोटर सोडवली आणि तीन मोटरी जोडून चढवला तर राहिला. चौथी जोडली की पडतो. शेवटच्या मागाचीच. वाइंडिंग आतून ओलं होऊन वीज लोखंडात उतरलीय म्हणाला. म्हणजे डबी खरं बोलत होती.
लेकानं वहीत टीसी काढलाय, घर काढलंय, फेज लाल पेननं, न्यूट्रल काळ्यानं. जमिनीतून परत जाणारा रस्ता तुटक रेघेनं. त्या रस्त्यावर मला काढलंय, चपलेसकट.
मोटर रिवायंडिंगला दिली. गुरुवारी देतो म्हणालाय. तोवर तीनच माग.

उद्यमबाग_रिटायर | सोमवार, रात्री ९:०२
रिवायंडिंगवाल्याला मेगर (वाइंडिंगमधून वीज लोखंडात गळते का ते बघायचा मीटर) लावून आकडा लिहून द्यायला सांगा, नुसतं 'झालं' ऐकू नका. आणि आरसीसीबीवर 'टी' लिहिलेलं बटण आहे, ते महिन्यातून एकदा दाबायचं, पडला पाहिजे. पोराला द्या ते काम.

चिकोडी_ऊस | सोमवार, रात्री ९:३०
आक्का, त्या म्हाताऱ्यांचा नंबर व्यनि करा की. चिकोडीपर्यंत येतील काय विचारा, जेवण माझ्याकडं. आणि काका, सहा स्क्वेअरचा भाव काढला. दोन रिवायंडिंगच्या वर जातोय, पण आधीच टाकली असती तर तिसरं झालं नसतं.